टेस्टच्या खिडकीतली सहा माणसं

शुक्रवारी भिवंडीत कापडाचे लूम बंद असतात. एरवी आमच्या ऑफिसखाली असा काही खडखडाट चालतो की टेबलावरचा चहाचा ग्लास आपसूक सरकत कडेला येतो आणि शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. माझा आवाज फार चढा आहे असं सगळे म्हणतात. त्यात निम्मा दोष त्या लूमचा आणि निम्मा माझ्या स्वभावाचा. शुक्रवारी मात्र सगळं चिडीचूप. बाहेरगावच्या माणसाला ती शांतता बरी वाटते, मला ती कधीच मानवली नाही. लूम गप्प झाला म्हणजे कुठेतरी काहीतरी तुटलं, असंच आम्ही लहानपणापासून समजत आलो.

त्या शुक्रवारी मी ऑफिसात एकटीच होते. ऑफिस कसलं, एक खोली, चार टेबलं आणि एक कुरकुरणारा इन्व्हर्टर. आम्ही गोडाऊनवाल्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. माल किती आला, किती गेला, आत माणसं कोण आहेत, बाहेर कोण गेलं. यातलं माणसांचं काम माझ्याकडे. कामगारानं गेटवरच्या मशीनला कार्ड लावलं की तो आत, जाताना पुन्हा लावलं की बाहेर. गेटवरच्या स्क्रीनवर एक मोठा आकडा दिसतो, या घडीला आत किती माणसं आहेत त्याचा.

हे मशीन आम्ही तोवर एकाच जागी बसवलं होतं, धने, जिरे, मिरची ठेवायच्या एका गोडाऊनला. त्याच्या गेटवर माझे बाबा बसतात. जमीन आमचीच, भाताची. तिच्यावर गाळे उभे राहिले आणि ठरल्याप्रमाणे बाबांना गेटची ड्युटी मिळाली. त्याआधी कितीतरी वर्षं ते लूमवर होते. त्यामुळे त्यांच्या बोलण्यात अजून लूमच असतो, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

मसाल्याच्या मालाला कीड लागते, म्हणून त्या गोडाऊनमध्ये अधूनमधून औषध टाकतात. तेही शुक्रवारी, कारण त्या दिवशी गाड्या कमी. पोत्यांच्या थप्प्यांवर प्लास्टिक ओढायचं, खाली गोळ्या ठेवायच्या, शटर पाडायचं आणि फटींना टेप लावून तीन दिवस कुणी तिकडे फिरकायचं नाही. हवेतल्या ओलाव्यानं त्या गोळ्यांमधून हळूहळू गॅस सुटतो. तो किडीला मारतो आणि माणसालाही सोडत नाही. पूर्वी शटर पाडायच्या आधी बाबा आत जाऊन सगळ्या थप्प्यांमधून फेरी मारायचे. मशीन बसल्यावर मीच त्यांना म्हटलं, आता कशाला पाय दुखवता, स्क्रीनवर शून्य आलं की खुशाल शटर पाडा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते काय उगीच?

एक अडचण मात्र होती. बायका कधीकधी जाताना कार्ड लावायला विसरायच्या. मग त्या घरी जाऊन भाकऱ्या थापत असल्या तरी स्क्रीन आपली दोन दाखवत बसायची, आणि औषधवाले खोळंबायचे. म्हणून आमच्या सरांनी सांगितलं, एकेकाची खात्री करून झाली की उरलेल्यांना एकदम बाहेर दाखवायची सोय करून ठेव. मी ती लिहिली होती. चालते का ते बघायचं राहिलं होतं.

बघायचं ते कन्सोलमध्ये. आमचं सगळं काम ज्या वेब फ्रेमवर्कवर बांधलंय, त्याचा कन्सोल म्हणजे हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत उघडायची एक जागा. तिच्यात एक ओळ लिहून एंटर मारलं की सॉफ्टवेअर ते तिथल्या तिथे करून मोकळं होतं. बटण नाही, 'नक्की करू का' असं विचारणं नाही. म्हणून खऱ्या माहितीवर तो उघडायचा नाही. टेस्टमध्ये उघडायचा. टेस्ट म्हणजे आमची भातुकली. तिथली माणसं खोटी, कार्डं खोटी, आणि काम झालं की सगळं पुसलेलं. आम्ही तिथं माणसांना कांदा, बटाटा, शेवगा अशी नावं देतो. एकदा कांद्याला तीन दिवस गोडाऊनमध्ये अडकवून ठेवला होता आणि यावर आम्ही सगळे खूप हसलो होतो.

दुपारी जेवण झाल्यावर मी माझ्या कॉम्प्युटरवर बसले. सकाळी सरांना एक रिपोर्ट हवा होता, खऱ्या माहितीतला, म्हणून मी त्याच काळ्या खिडकीत खऱ्या डेटाबेसचा पत्ता हातानं भरला होता. असा पत्ता भरला की खिडकी बंद करेपर्यंत तो तिथंच राहतो, आणि तो असला की फ्रेमवर्क टेस्टचा पत्ता बघतच नाही. वर नाव टेस्टचं, आत डेटा खरा. हे मला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. नवीन येणाऱ्यांना हे शिकवणारी मीच, आणि चुकले की त्यांना फाडून खाणारीही मीच.

रिपोर्ट दिल्यावर खिडकी बंद करायला हवी होती. नाही केली. चालू मशीन बंद करायचं नाही ही आमच्या घरची सवय. लूमवर शिफ्ट बदलते तेव्हा लूम थांबवत नाहीत. जाणारा बाजूला होतो आणि येणारा चालता लूम हातात घेतो. जो थांबवून घेतो तो कच्चा, असं बाबा म्हणायचे. मी लूमवर कधी काम केलं नाही, पण सकाळची खिडकी तशीच चालू ठेवून दुपारी तिच्यातच कन्सोल उघडणारी मी त्यांचीच मुलगी.

कन्सोल उघडला. पहिल्याच ओळीत आलं, टेस्ट. मी विचारलं, आत किती माणसं? टेस्टमध्ये मी अजून कुणाला घातलंच नव्हतं, म्हणजे शून्य यायला हवं होतं. आलं सहा.

तिथं थांबायचं होतं. आज इतक्या दिवसांनीही तो सहा मला कधीकधी आंघोळ करताना आठवतो आणि अंगावर पाणी घ्यायचं राहून जातं. पण त्या वेळी मला राग आला, भीती नाही. काल कुणीतरी आपला कचरा तसाच टाकून गेलं असणार, असं म्हणून मी माझ्याबरोबरच्या तिघांनाही मनातल्या मनात शिव्या घातल्या. म्हटलं, बरंच झालं, आयती सहा माणसं मिळाली. आणि सगळ्यांना बाहेर काढायची ओळ लिहून एंटर मारलं. सहा नोंदी बदलल्या, असं उत्तर आलं. पुन्हा विचारलं, आत किती? शून्य. झकास, म्हटलं. सोय चालते.

खालची टपरी शुक्रवारी बंद असते, म्हणून मी ऑफिसातच चहा ठेवला. तो पीत खिडकीपाशी बराच वेळ उभी राहिले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोरच्या लूमच्या शेडला कुलूप, पत्र्यावर कापसाची धूळ. मला उगीचच अस्वस्थ वाटत होतं आणि मी ते शांततेवर ढकलत होते.

परत येऊन बसले ती नोंदी नीट बदलल्यात का ते बघायला. म्हटलं, त्या सहा जणांची नावं दाखव.

पहिली ओळ आली. पुरुषाचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव अकलोली. दुसरी, बाईचं नाव, गाव दिघाशी, पुढे पाड्याचं नाव. तिसरी ओळ मी वाचलीच नाही. शेवग्याला गाव नसतं. आणि मग आठवलं, सकाळी डबा भरताना बाबा म्हणाले होते की आज औषधवाले येणार आहेत.

फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा बाबा निवांत होते. मी विचारलं, शटर? ते म्हणाले, कधीच पाडलं, अर्धा तास होऊन गेला, औषधवाले आता टेपच लावतायत. मी विचारलं, माणसं कशी बाहेर आली, कार्ड लावून आली का? तेव्हा त्यांनी सांगितलं की आज मशीन सटकलं होतं, ज्यानं त्यानं कार्ड लावलं की 'आधीच बाहेर' असं दाखवत होतं. त्यांना वाटलं हे माझंच काहीतरी नवीन असणार. स्क्रीनवर तर शून्य होतंच.

"शून्य होतं ना बाय," ते म्हणाले. "तूच सांगितलंस, शून्य आलं का पाडा."

मी म्हटलं, ते शून्य मी चुकून केलंय. मी नावं वाचते, तुम्ही कुणाला जाताना बघितलंत ते सांगा. अकलोलीचा माणूस गेला होता, त्यानं तंबाखूही मागितली होती. पुढच्या चौघी बायकाही गेल्या होत्या, एकामागोमाग, गप्पा मारत. सहावं नावही दिघाशीच्या पाड्यावरच्याच एका बाईचं. ते वाचल्यावर बाबा थांबले. मग म्हणाले, ती गेली असंल, मी टेपचे रोल द्यायला मागं गेलो होतो. मग म्हणाले, तू तिला फोन लावून बघ.

नोंदीत तिचा नंबर होता. तो लावला. तिकडून बाईचा आवाज आला, मागे कोंबड्यांचा कलकलाट. मी विचारलं, तुम्ही कुठे आहात? ती जरा घुटमळली आणि म्हणाली, घरी हाय. का, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, काही नाही, बसा निवांत. आणि फोन ठेवून दिला. तिच्या घुटमळण्याकडे माझं लक्षच गेलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मी त्या रिकाम्या खोलीत वेड्यासारखी हसत होते. मनातल्या मनात वज्रेश्वरीला नारळसुद्धा बोलून टाकला.

बाबांना उलटा फोन लावला आणि सांगितलं, ती घरी आहे, सहाच्या सहा बाहेर आहेत, देवानं वाचवलं. मला वाटलं ते म्हणतील, बरं झालं. पलीकडून त्यांच्या चपला खडीवर घासत लांब जाताना ऐकू आल्या.

"बाबा?"

"बाय, वरडू नको," ते म्हणाले. "ती आज आलीच न्हाय. तिच्या कार्डावर तिची नणंद आलीय."

हे समजायला मला एक क्षणही लागला नाही, कारण ते मला माहीत होतं. त्याला बदली म्हणतात. लूमवर एकाचं अंग मोडून आलं की त्याच्या नावावर त्याचा भाऊ उभा राहतो, मेहुणा उभा राहतो. काम थांबत नाही आणि जागाही जात नाही. कुणाला त्यात खोटं वाटत नाही. बाबा स्वतः असेच लूमवर लागले होते, आपल्या मामाच्या नावावर. गेटवर बसल्यावर त्यांनी पाड्यावरच्या बायकांना तेच करू दिलं, आज एक आली, उद्या दुसरी. वर्षापूर्वी मला ते कळलं तेव्हा मी जेवत्या ताटावर त्यांना असं काही झापलं होतं की विचारू नका. मी फसवणूक म्हणाले, नोकरी घालवाल म्हणाले, बापाला बोलू नये ते सगळं बोलले. ते मान खाली घालून भात कालवत राहिले. त्यानंतर घरात बदलीचा विषय निघाला नाही, आणि मला वाटलं ते बंद झालं.

फोन त्यांनी बंद केला नव्हता. तो कुठेतरी पडला असावा. मला धावल्याचा आवाज आला, बाबांचं कुणालातरी हिंदीत 'खोलो, खोलो' म्हणणं आलं, कुणीतरी 'पागल हुआ क्या' म्हणालं, आणि मग टेप फाटल्याचा लांबच लांब आवाज. मी फोन कानाला लावूनच जिना उतरले.

शुक्रवार म्हणून रिक्षाही मिळेना. मिळाली तेव्हा रस्ता मोकळा होता आणि मला तो मोकळेपणा नको होता. मला गर्दी हवी होती, ट्रक हवे होते, कुणीतरी आडवं यायला हवं होतं, म्हणजे उशिराचा दोष त्याच्यावर टाकता आला असता. खड्ड्यांमधून रिक्षा आदळत चालली होती आणि मी सगळा वेळ एकच हिशेब करत होते. गोळ्यांना गॅस सोडायला किती वेळ लागतो? आज हवा कोरडी आहे का? रिक्षावाल्यानं विचारलं, घर में कुछ हुआ क्या? मी हो म्हटलं.

पोचले तेव्हा शटर अर्धं वर होतं आणि टेपच्या पट्ट्या लोंबत होत्या. लसणासारखा वास गेटपर्यंत आला होता. औषधवाल्यांपैकी एक जण तोंडाला मास्क लावून आत शिरला होता. दुसरा मास्क यायची वाट न बघता बाबा त्याच्या मागे गेले होते, नाकाला ओला गमछा बांधून. बाई सगळ्यात मागे, रिकाम्या गोणपाटांच्या ढिगामागे सापडली होती. शुद्धीवर होती. मी गेले तेव्हा ती गेटजवळच्या ओट्यावर आडवी पडून ओकत होती. बाबा तिच्याजवळ बसले होते, डोळे लाल, खोकून खोकून वाकलेले. मी ओरडले नाही.

टेम्पोत घालून तिला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून तासभर गेला असता तर आणायची गरज पडली नसती. रात्रभर बघू, सकाळी कळेल. ती रात्र मी हॉस्पिटलच्या बाकावर काढली आणि त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. सकाळी ते म्हणाले, वाचली.

मी तिथूनच सरांना फोन करून सगळं सांगितलं. खिडकी माझी, पत्ता माझा, एंटर माझं. बाबांनीही बदलीचं कबूल केलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गोडाऊनच्या मालकाशी बोलून अर्ध्या तासानं उलटा फोन केला. मला म्हणाले, यापुढे काळजी घे. बाबांना कुणी काही बोललं नाही. जमिनीचा करार मध्ये होता. एक काम मात्र लगेच करायला सांगितलं. ते मी घरी जाऊन, आंघोळ करून, लॅपटॉपवर पाच मिनिटांत केलं आणि पुन्हा हॉस्पिटलात गेले.

ती उशीला टेकून बसली होती. चाळिशीची असेल, पण बारीक, हातांवर गोंदण. तिची वहिनी, जिच्या नावाचं ते कार्ड, पहाटेच पाड्यावरून आली होती आणि खाटेशेजारी खाली बसून राहिली होती. बाबा पायथ्याशी उभे होते. मी तिची माफी मागितली. मशीनचं, खिडकीचं तिला कसं सांगायचं ते कळेना, म्हणून नुसतं म्हटलं, चूक माझी होती, मावशी. ती म्हणाली, असंल. शटर पाडताना आत हाक मारली होती, हे बाबांनी रात्री सांगितलं होतं. मग मला राहवेना, म्हणून विचारलं की बाबांनी हाक मारली होती, कोण आहे का आत म्हणून, ती ऐकू आली नाही का?

"आली ना."

"मग ओ का नाही दिलीत?"

तिनं बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "दादांबरोबर गोडाऊनचा सायब होता. बदलीवाल्यानी सायबापुढं याचं न्हाय, दादांनीच सांगलेलं. म्हटलं, सायब जाईल मग निघू." मग म्हणाली, "वास आला तवा पदर लावला तोंडाला."

बाबा बाहेर निघून गेले. व्हरांड्यातून त्यांचा खोकला ऐकू येत राहिला.

ती पुढे वाकली आणि वहिनीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू मला म्हणाली, "वहिनीचं कार्ड चालू हाय ना? तिचा काय दोष न्हाय."

मी हो म्हटलं. सकाळी सरांनी सांगितलेलं काम तेच होतं, आणि ते कार्ड मी माझ्या हातानं बंद करून आले होते.